शाळा बदलली की मूल जास्त शिकतं का? आंध्रातल्या सोडतीच्या प्रयोगावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा प्रयोग कुठला, आणि आम्ही महाराष्ट्रात बसून तो का वाचावा?

२००८ साली, तेलंगणा वेगळं होण्याच्या आधीच्या आंध्र प्रदेशात, पाच जिल्ह्यांतल्या १८० गावांत एक प्रकल्प सुरू झाला. गरीब घरांतल्या लहान मुलांना सोडत काढून गावातल्या खासगी शाळेत जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली गेली आणि पुढची चार वर्षं त्यांचं शिकणं मोजलं गेलं. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी हा अभ्यास केला, गावोगावचं काम अझीम प्रेमजी फाउंडेशनने उचललं, आणि २०१५ साली निष्कर्ष छापून आले.

त्या वेळचा आंध्र म्हणजे दर तीन माणसांतली दोन खेड्यात राहणारं राज्य. नांदेड, चंद्रपूर, गडचिरोलीला अगदी लागून. एका बाजूला दोन-तीन शिक्षकांवर चालणारी सरकारी शाळा, दुसऱ्या बाजूला भाड्याच्या इमारतीतली 'इंग्लिश मीडियम', आणि मधे पोरासाठी पोटाला चिमटा काढणारे आईबाप: हे चित्र देगलूर-बिलोलीच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शिवाय आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांची सोडत आपल्याकडे दरवर्षी निघते. त्या सोडतीतून मुलाला नेमकं काय मिळतं, हे जाणून घ्यायला आंध्रातल्या या कामाइतका भक्कम पुरावा देशात दुसरा माझ्या माहितीत नाही.

'शाळा-निवड' म्हणजे नक्की काय? शाळा तर आम्ही आत्ताही निवडतोच.

निवडतो, पण खिशाकडे बघून. ज्याच्याकडे फी भरायला पैसे आहेत त्याला दोन पर्याय, नाहीत त्याला एकच. शाळा-निवडीचं धोरण म्हणजे सरकारने मुलावर होणारा खर्च शाळेला न देता मुलाच्या नावाने द्यायचा. पालक नेतील त्या शाळेत तो पैसा जाईल. याला व्हाउचर म्हणतात.

खिशाचा हा परिणाम किती मोठा असतो ते कोविडने दाखवलं. 'असर' या मुलांचं शिक्षण मोजणाऱ्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भारतातल्या ६ ते १४ वयाच्या मुलांपैकी सरकारी शाळेत जाणारी २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती, २०२२ मध्ये ती ७२.९ टक्के झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आली. कमाई थांबली तेव्हा पोरं सरकारी शाळेत आली, हातात पैसा खेळू लागला तशी परत गेली. असंच एकंदर दिसतं.

सोडत दोनदा काढली म्हणतात. एकदा पुरली नसती का?

या प्रयोगाची सगळी ताकद या दोन सोडतींत आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

पहिली सोडत गावांची. १८० गावांत आधी पालकांकडून अर्ज घेतले. मग चिठ्ठ्या टाकून निम्मी, म्हणजे ९० गावं निवडली. तिथे योजना येणार, उरलेल्या ९० गावांत नाही. दुसरी सोडत मुलांची. निवडलेल्या गावांत अर्जदारांमधून पुन्हा चिठ्ठ्या काढल्या. काहींना शिष्यवृत्ती लागली, काहींना नाही.

दुसऱ्या सोडतीमुळे एका प्रश्नाचं उत्तर मिळालं: खासगी शाळेची संधी मिळालेलं मूल, तशाच घरातल्या पण चिठ्ठी न लागलेल्या मुलापेक्षा जास्त शिकतं का? अर्ज दोघांच्याही आईबापांनी केलेला, म्हणजे आच दोन्ही घरांत सारखी. फरक फक्त नशिबाचा. त्यामुळे पुढे जो फरक दिसेल तो शाळेचाच मानता येतो.

पहिल्या सोडतीने त्याहून अवघड प्रश्न सोडवला. गावातली बरीच मुलं खासगीत गेली तर मागे राहिलेल्यांचं काय? आणि खासगी शाळेत आधीपासून फी भरून शिकणाऱ्या मुलांच्या वर्गात एकदम नवी मुलं आली, त्यांचं काय? एकाच गावातली मुलं एकमेकांशी ताडून हे कळत नाही, कारण योजनेचा वारा गावातल्या सगळ्यांनाच लागलेला असतो. जिथे योजना गेलीच नाही असं गाव शेजारी ठेवावं लागतं. हे फार थोड्या अभ्यासांत केलेलं आहे.

शिष्यवृत्तीत काय काय मिळत होतं?

शाळेची फी, वह्या-पुस्तकं आणि गणवेश. रक्कम वर्षाला सरासरी २,६०० रुपयांच्या आसपास होती; सरकारी शाळेत एका मुलामागे होणाऱ्या खर्चाच्या साधारण ४० टक्के. गावातल्या बहुतेक खासगी शाळांची फी तेवढ्यात भागत होती.

जाण्यायेण्याचा खर्च मात्र त्यात नव्हता, आणि सरकारी शाळेतलं दुपारचं जेवणही सुटत होतं. मोलमजुरीला सकाळीच घराबाहेर पडणाऱ्या आईसाठी ते जेवण ही लहान गोष्ट नाही. शाळांना एक अट होती: आलेल्या मुलांमधून हुशार तेवढी वेचून घ्यायची नाहीत.

लागलेल्या सगळ्यांनी ती घेतली का?

नाही. सुमारे दोन हजार मुलांना शिष्यवृत्ती देऊ केली, त्यांतल्या साधारण ६० टक्क्यांनी ती स्वीकारली. अर्ज करून, सोडत लागून, फुकट मिळत असूनही इतक्या जणांनी सोडली. 'पर्याय द्या, लोक आपोआप धावतील' असं मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

खासगी शाळा खरंच वेगळ्या होत्या का?

होत्या. तिथले शिक्षक वयाने लहान, शिक्षण कमी, डीएड-बीएडसारखं प्रशिक्षण बहुतेकांना नाही, आणि पगार सरकारी शिक्षकाच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी. तरी ते शाळेत हजर असत. पाहणी करणारे अचानक गेले तर शिक्षक वर्गात शिकवताना सापडण्याचं प्रमाण खासगीत जास्त होतं. शाळेचा दिवस मोठा, वर्ष मोठं, वर्गातली मुलं कमी, स्वच्छता बरी.

आपल्याकडच्या गावातल्या माणसाला विचारा, तो हीच यादी सांगेल: 'तिथं मास्तर येतात, पोरगं दिवसभर गुंतून राहतं.' पालकांचं डोळ्यांना दिसणारं निरीक्षण चुकीचं नव्हतं, हे या अभ्यासाने मान्य केलं. शाळेत गेलेल्या माणसाला जे दिसतं ते पालक बरोबर पाहतात. वहीच्या आत काय चाललंय ते ओळखणं मात्र कठीण असतं, आणि जी आई स्वतः शाळेत गेलेली नाही तिच्यासाठी तर फारच.

मग मुलं जास्त शिकली ना?

दोन वर्षांनी चाचणी झाली, चार वर्षांनी पुन्हा झाली. तेलुगू, गणित, इंग्रजी, विज्ञान आणि समाजशास्त्र यांत शिष्यवृत्ती लागलेली मुलं आणि न लागलेली मुलं यांच्यात ठाम म्हणावा असा फरक आढळला नाही. हजर शिक्षक, लहान वर्ग, लांब दिवस, आणि तरी मातृभाषेत नि गणितात चार वर्षांनी दोघं बरोबरीत.

हिंदीत मात्र शिष्यवृत्तीवाल्यांनी मोठी आघाडी घेतली, अर्ध्या प्रमाण विचलनाहून (गुणांतलं अंतर मोजायचं माप) जास्त. सोप्या भाषेत, शंभर मुलांच्या रांगेत मधोमध असलेलं मूल सत्तराव्या जागेच्या आसपास पोहोचावं, इतकी. कारण उघड आहे: खासगी शाळा लहान वर्गांपासून हिंदी शिकवत होत्या, सरकारी शाळांत त्या वयात हिंदीला जवळपास जागाच नव्हती.

हे पटत नाही. आमच्या गावात खासगीतली मुलं सरळसरळ पुढे दिसतात.

दिसतात, आणि मोजलं तरी पुढेच निघतात. 'असर २०२४'मध्ये ग्रामीण भारतात पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी सरकारी शाळांत सुमारे ४५ टक्के होती, खासगीत सुमारे ५९ टक्के. आंध्रातल्या त्या गावांतही सरळ तुलना केली तर खासगी मुलं बरीच पुढे होती. सोडतीने घडवलेली तुलना केल्यावर ते अंतर जवळजवळ नाहीसं झालं.

म्हणजे ते अंतर शाळेत तयार झालेलं नव्हतं, बहुतांशी घरातून आलेलं होतं. फी भरू शकणाऱ्या घरात आई शिकलेली असण्याची शक्यता जास्त, मूल बालवाडीत आधी बसलेलं, संध्याकाळी शिकवणी, आजारपणात दवाखाना. तेच मूल गावच्या शाळेत बसवलं असतं तरी बरंच पुढे राहिलं असतं. हे समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण दहावीच्या निकालाचे फलक चौकात लागतात तेव्हा 'आमच्या शाळेचा निकाल' म्हणून जे छापलं जातं त्यातला मोठा वाटा त्या मुलांच्या आयांचा असतो. शाळेची कामगिरी मोजायची तर मूल आलं तेव्हा कुठे होतं आणि गेलं तेव्हा कुठे होतं, हे दोन्ही विचारावं लागतं.

मग खासगी शाळांचा काही फायदाच नाही असं म्हणायचं का?

तसं म्हणणं अन्यायाचं होईल. वेळापत्रक बघा. खासगी शाळा सरकारी शाळांपेक्षा तेलुगूला ४० टक्के आणि गणिताला ३२ टक्के कमी वेळ देत होत्या. वाचलेला वेळ इंग्रजी, हिंदी, विज्ञान, समाजशास्त्र यांना जात होता. इतक्या कमी तासांतही तेलुगू-गणितात त्यांची मुलं मागे पडली नाहीत, आणि हिंदी वरून मिळाली. तासाला किती शिकणं पदरात पडलं असं पाहिलं तर खासगी शाळा सरस ठरतात.

अभ्यासकांचं म्हणणंही असंच तोलून मांडलेलं आहे: सगळे विषय मिळून खासगी शाळा थोड्याशा चांगल्या, आणि खर्चात खूप स्वस्त: एका मुलामागे सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी (वर आलेले ४० टक्के ही शिष्यवृत्तीची रक्कम, शाळेचा खर्च नव्हे). 'खासगी म्हणजे फसवणूक' म्हणणारे आणि 'सरकारी म्हणजे वाया' म्हणणारे, दोघेही या अभ्यासातलं आपल्या सोयीचं अर्धं वाक्य उचलतात. मला दोघांचाही राग येतो, कारण मधे मूल असतं.

खर्च एक तृतीयांशाहून कमी आणि शिकणं सारखं. मग सरकारी शाळा बंद करून सगळ्यांना व्हाउचर का देऊ नये?

हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या सभेतही उठतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोज. उत्तर थोडं लांब आहे.

एक तर ही स्वस्ताई येते कुठून ते पाहा. इमारत, खडू, फळा यांतून फार काही वाचत नाही. वाचतं ते शिक्षकाच्या पगारात. गावातल्या बारावी किंवा पदवी झालेल्या मुलीला दुसरी नोकरी मिळत नाही म्हणून ती अत्यंत कमी पैशांत शिकवते. सरकारने उद्या सगळी व्यवस्था या पायावर उभी करायची ठरवली तर लाखो सुशिक्षित तरुणींच्या नाइलाजावर राज्याचं शिक्षण चालेल. आपल्याकडे विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं आझाद मैदानात उपोषणं केली आहेत. त्यांच्या घरांत डोकावलं की ही स्वस्ताई कोण भरतंय ते कळतं.

प्रयोगाची गावंही नीट पाहावी लागतात. जिथे निदान एक मान्यताप्राप्त खासगी शाळा आधीच होती अशीच गावं त्यात घेतली होती. ज्या वाडीत खासगी शाळा कधी जाणारच नाही, तिथे व्हाउचर म्हणजे नुसता कागद. गडचिरोलीतल्या पाड्यावर किंवा वेल्ह्याच्या डोंगरात झेडपीची शाळा गेली तर तिच्या जागी दुसरी कुठलीच येत नाही.

आणि प्रयोग छोटा होता. खासगी शाळेत दहा-वीस मुलं जास्त बसवणं वेगळं, अख्ख्या तालुक्याची मुलं बसवणं वेगळं. तेव्हा शिक्षक कमी पडतील, फी वाढेल, वर्ग फुगतील. त्याबद्दल हा प्रयोग काही सांगू शकत नाही.

तरीही सरकारी बाजूने हा आकडा झटकून टाकू नये. तिप्पट खर्च करून मूल तेवढंच शिकत असेल तर तो पैसा कुठे मुरतो, हे विचारण्याचा हक्क करदात्याला आहे, आणि त्या शाळेतल्या मुलाला तर सर्वांत आधी आहे.

इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांचं काय झालं?

इथे पुरावा सूचक आहे, पक्का नाही, कारण माध्यमाची सोडत काढलेली नव्हती. दिसलं ते असं: तेलुगू माध्यमाच्या खासगी शाळेत गेलेल्या मुलांना फायदा झाल्याची लक्षणं होती, आणि इंग्रजी माध्यमात गेलेली मुलं इंग्रजी सोडून इतर विषयांत मागे पडल्याची. घरी कुणालाच इंग्रजी येत नाही, बाईंचं इंग्रजीही बेताचं, आणि गणितातलं 'उरले किती' हेच कळेनासं झालं तर मूल पाठांतराकडे वळणार. आपल्याकडच्या कित्येक तालुक्यांच्या गावी मी हेच पाहते: पहिलीतलं मूल इंग्रजी कविता हातवारे करून म्हणतं, आणि 'सतरातून नऊ गेले तर?' विचारलं की गप्प होतं.

इंग्रजीची ओढ मात्र खरी आहे आणि तिला हिणवण्यात अर्थ नाही. ती मागणी ओळखून आंध्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारी शाळांत पहिलीपासून सहावीपर्यंत इंग्रजी माध्यम करण्याचा आदेश काढला. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो रद्द केला. झेडपीच्या शाळांत सेमी-इंग्रजी आलं तेही याच दबावाने. माझं मत विचाराल तर सुरुवातीची वर्षं मराठीतून भक्कम वाचन-गणित आणि सोबत बोलायचं चांगलं इंग्रजी, हा मार्ग पोराला जास्त दूर नेतो.

जी मुलं सरकारी शाळेत राहिली त्यांचं नुकसान झालं का? की स्पर्धेमुळे सरकारी शाळा सुधारल्या?

दोन्ही नाही. ज्यांनी अर्जच केला नव्हता अशी सरकारी शाळेतली मुलं आणि आधीपासून खासगीत असलेली मुलं, दोघांच्याही गुणांत योजनेच्या आणि बिगरयोजनेच्या गावांत फरक दिसला नाही. गरिबाचं पोर शेजारी बसलं म्हणून वर्गाचा दर्जा घसरेल ही भीती खोटी ठरली. पट कमी होण्याच्या धास्तीने सरकारी शाळा कंबर कसतील ही आशाही फळली नाही. पट गेला म्हणून पगार जात नव्हता. मग धास्ती तरी कशाची वाटावी?

इतर ठिकाणी असं करून पाहिलं आहे का?

हो, आणि निकाल एका सुराचे नाहीत. कोलंबियात १९९१ पासून माध्यमिक शाळेसाठी सोडतीने व्हाउचर दिली. तिथे लागलेल्या मुलांना स्पष्ट फायदा झाला, आठवी पूर्ण करणारी मुलं सुमारे दहा टक्के-अंकांनी वाढली. चिलीने १९८१ मध्ये देशभर व्हाउचर लागू केली. सरासरी शिकणं वाढल्याचं आढळलं नाही, ऐपतवाल्यांची मुलं तेवढी वेगळ्या शाळांत गोळा झाली. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात तर व्हाउचर घेऊन खासगी शाळेत गेलेल्या मुलांचे गणिताचे गुण पहिल्याच वर्षी जोरात घसरले. व्हाउचर कुठल्या शाळेत वटतं यावर सगळं ठरतं.

आंध्रात पुढे काय झालं?

जानेवारी २०२० पासून 'अम्मा वोडी' आली: पहिली ते बारावीतल्या मुलाच्या आईच्या खात्यात वर्षाला १५,००० रुपये, मूल सरकारी शाळेत असो वा खासगी. नाव वेगळं, पण गरीब आईच्या हाती शाळा निवडण्याची ताकद देणारीच ही योजना होती, आणि १८० गावांऐवजी सबंध राज्यात. आरटीईचे २५ टक्के प्रवेश मात्र तिथे २०२२-२३ मध्ये, म्हणजे कायदा होऊन बारा-तेरा वर्षांनी सुरू झाले.

महाराष्ट्रातले आरटीई प्रवेश म्हणजे व्हाउचरच का?

बऱ्याच अंशी हो. २००९ च्या कायद्यातल्या कलम १२(१)(क) प्रमाणे विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित गटांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात, आणि सरकार शाळेला त्याची भरपाई देतं. आपल्याकडे ती एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत राहिली आहे आणि तिची थकबाकी हा दरवर्षीचा वाद आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हे बंधन नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या प्रवेशांतून सूट दिली. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, १९ जुलैला ती रद्द केली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शाळांचं म्हणणं मान्य केलं नाही. हे बरोबर झालं असं मी मनापासून म्हणते. डॉक्टरचं आणि घरकाम करणाऱ्या बाईचं मूल एका बाकावर बसणं हीच मोठी गोष्ट आहे, तिला गुणांचा दाखला लागत नाही.

पण दोन गोष्टी सलतात. या जागा जिथे खासगी शाळा आहेत तिथे, म्हणजे पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक अशा भागांत एकवटल्या आहेत. दुर्गम तालुक्यातल्या मुलाला त्यांचा उपयोग थोडा. आणि मोफत शिक्षण आठवीपर्यंत. नववीत त्याच शाळेची पूर्ण फी समोर येते तेव्हा ऐन वयात मूल शाळा बदलतं किंवा बाप कर्ज काढतो.

माझी एक मागणी आहे. सोडत लागलेल्या आणि न लागलेल्या, दोन्ही मुलांची नावं शिक्षण विभागाकडे आहेत. आंध्रात जे मुद्दाम घडवून आणावं लागलं ते आपल्याकडे दरवर्षी आपोआप घडतं. दोन्ही गटांतल्या मुलांचं वाचन आणि गणित तिसरी-पाचवीत मोजावं आणि आकडे जाहीर करावेत.

आमच्या वाडीवर एकच शाळा आणि पट बारा. आम्हाला या चर्चेतून काय?

तुमच्यासाठी प्रश्न निवडीचा नाही, शाळा टिकण्याचा आहे. वीसच्या आत पट असलेल्या हजारो शाळा राज्यात आहेत, आणि २०२३ पासून त्यांना एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं त्यासाठी दिली जातात. बस खरोखर रोज येणार असेल, पावसाळ्यातही, तर मोठी शाळा मुलांना जास्त देऊ शकते: वर्गाला एक शिक्षक, खेळायला सवंगडी. बस बंद पडली की सर्वांत आधी मुली घरी बसतात. ठराव करताना ग्रामसभेने बसची जबाबदारी कोणाची, हे लिहून घ्यावं.

मग शिकणं वाढतं तरी कशाने?

त्याच आंध्रात, त्याच अभ्यासकांनी त्याच्या थोडं आधी ग्रामीण सरकारी शाळांत आणखी एक प्रयोग केला होता. मुलांची प्रगती झाली तर शिक्षकांना छोटा बोनस. दोन वर्षांत गणितात ०.२७ आणि भाषेत ०.१७ प्रमाण विचलनाची वाढ झाली. शाळा तीच, शिक्षक तेच. शाळा बदलून तेलुगू-गणितात जे साधलं नाही ते शाळा न बदलता साधलं.

दुसरं उदाहरण मुंबईचं. २००१ नंतरच्या काळात 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत बालसखी नेमल्या. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, तिसरी-चौथीत मागे पडलेली मुलं रोज दोनेक तास वेगळी घेऊन त्यांना जिथे अडलंय तिथून शिकवायची. दुसऱ्या वर्षी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. पुस्तक संपवण्याची घाई बाजूला ठेवली आणि मूल जिथे आहे तिथून सुरुवात केली, एवढंच. खासगी शाळेतही अभ्यासक्रम तसाच पुढे पळत असतो आणि अडलेलं मूल तसंच मागे सुटतं. म्हणूनच शाळा बदलून फार फरक पडला नसावा, असं मला वाटतं.

आम्ही शाळा निवडताना काय बघायचं?

गणवेश, बस, स्नेहसंमेलन यांवरून नजर काढा. दुपारी दोननंतर, न सांगता शाळेत जा. तिसरीच्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचायला सांगा आणि हातच्याची एक वजाबाकी द्या. एका हुशार मुलाकडून नको, मागच्या बाकावरच्या दोघा-तिघांकडून. बाईंना विचारा, 'वाचता न येणाऱ्या मुलांसाठी तुम्ही काय करता?' ज्या शाळेत या प्रश्नाचं नीट उत्तर मिळतं ती शाळा झेडपीची असो वा खासगी, तिथे मूल घाला. आणि गणित कोणत्या भाषेत समजावतात ते कान देऊन ऐका.

आधीच झेडपीत असाल तर शाळा व्यवस्थापन समितीत हाच प्रश्न मांडा. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. समितीतल्या आयांनी वाचनाचा मुद्दा धरून ठेवला तर मुख्याध्यापकांना तो टाळणं अवघड जातं.

मूल खासगीत रमलं नाही, परत गावच्या शाळेत आणायचं आहे. मधेच घेतात का?

घ्यावंच लागतं. आरटीई कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क आहे. आधीच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. फी थकली म्हणून दाखला दाबून ठेवला असेल तरीही मुलाला वर्गात बसवा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्यायला विसरू नका. मधली वर्षं शाळाच सुटली असेल तर वयानुरूप वर्गात प्रवेश आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण, हाही हक्क कलम ४ मध्ये आहे. तो मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही, तेव्हा अर्जातच लिहा.